‘होय’वर टिक केली आणि फाईल अडकली

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाची आंतरवासिता, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव, संपली, पाठ झाले, निरीक्षणाच्या नोंदी झाल्या. फाईल मात्र एका कागदापायी ११ दिवस अडकली. अजून आठवलं की डोकं तापतं.

यंदा फाईलला एक नवं प्रतिज्ञापत्र जोडायचं होतं. त्यात एकच प्रश्न : ‘पाठ टाचणासाठी एआयचा वापर केला आहे का? होय / नाही.’ पाठ टाचण म्हणजे पाठाची लेखी आखणी. त्यासाठी वापर केला होता, म्हणून मी ‘होय’वर टिक केली. ऑफिसातल्या सरांनी फाईल बाजूला ठेवली. “होय असेल तर मार्गदर्शकांची वेगळी सही आणा.” माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, “सही कशावर करू? तू नेमकं काय केलंस, ते यात कुठे आहे?” खरंच होतं त्यांचं, लिहायला जागाच नव्हती. ऑफिस म्हणे मॅडमना विचारा, मॅडम म्हणत ऑफिसला विचार. रोज बसचे पैसे आणि अर्धा दिवस वाया. मैत्रीण म्हणाली, “नाही कर आणि मोकळी हो.” बऱ्याच जणांनी तेच केलं होतं आणि त्यांच्या फायली पहिल्याच दिवशी जमा झाल्या. राग त्याचाच येतो : खरं लिहिणाऱ्याला खेटे, लपवणाऱ्याला पोचपावती!

माझा पाठ दहावीच्या समासाचा होता. चॅटबॉटकडून उदाहरणं मागितली. ‘मीठभाकर’ त्याने इतरेतर द्वंद्वात, म्हणजे फक्त ती दोन पदं ‘आणि’ने जोडणाऱ्या समासात घातला, विग्रह केला ‘मीठ आणि भाकर’. दिसायला अगदी बरोबर. पण मीठभाकर म्हणताना आपल्या मनात मीठ, भाकर वगैरे साधं जेवण असतं, म्हणजे तो समाहार द्वंद्व. ती चूक मी खोडली नाही, तशीच फळ्यावर लिहिली आणि मुलांना शोधायला लावली. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “मॅडम, कांदा पण येतो ना त्यात?” माझा सगळ्यात चांगला पाठ तोच झाला.

हे विसरायच्या आत सांगते : मुलांची नावं, गुण, उत्तरपत्रिकांचे फोटो चॅटबॉटमध्ये टाकू नका. आणि काय विचारलं ते त्याच दिवशी वहीत उतरवून ठेवा; मला नंतर फोनमधून शोधत बसावं लागलं.

बाराव्या दिवशी मी कोऱ्या कागदावर तीन रकाने आखले : काय विचारलं, काय मिळालं, मी काय बदललं आणि का. मीठभाकरीचा किस्सा तिसऱ्या रकान्यात. युनेस्कोच्या २०२४च्या आराखड्यात शिक्षकांसाठी एआयच्या १५ क्षमता दिल्या आहेत आणि सुरुवातच माणूस केंद्रस्थानी ठेवण्यापासून होते, तेही खाली लिहिलं. मॅडमनी उभ्या उभ्या वाचलं आणि पाच मिनिटांत सही केली.

प्राचार्यांना अर्ज दिलाय, प्रतिज्ञापत्रातच हे तीन रकाने घाला म्हणून. पुढच्या बॅचची आंतरवासिता सुरू व्हायच्या आत मी पुन्हा जाऊन विचारणार आहे.