ग्रेपची नोंदवही: तीन प्रकारचा ॲ आणि झिपमध्ये दडलेला मजकूर

संगणकावरच्या फाइलींत मराठी शब्द शोधायची सोय करतोय, ते काम सध्या कुठवर आलंय ते आधी सांगतो. साधा मजकूर असलेल्या फाइली एका कमांडीत चाळून होतात. वर्डच्या फाइलींसाठी वेगळी वाट काढलीय, ती चालते. देवनागरीचा गुंता बऱ्यापैकी सुटलाय. जुन्या फाँटांतल्या फाइली मात्र अजून तशाच पडून आहेत.

ग्रेप हे फाइलींत मजकूर शोधणारं १९७३ सालचं हत्यार, केन थॉम्पसनने युनिक्ससाठी लिहिलेलं. मी अजूनही सुरुवात त्यानेच करतो, कारण कुठल्याही लिनक्सवर ते हाताशी असतंच. रोजचं काम मोजक्या पर्यायांत भागतं: आर म्हणजे आतल्या फोल्डरांसकट, एन म्हणजे ओळ क्रमांक, एल म्हणजे नुसती फाइलींची नावं. आणि कॅपिटल एफ म्हणजे दिलंय ते जसंच्या तसं शोध, त्यातल्या टिंबांचे आणि चौकटी कंसांचे अर्थ लावत बसू नकोस. हा शेवटचा पर्याय लोक फारसा वापरत नाहीत याचं मला नवल वाटतं. नेहमीच्या शोधांत रेग्युलर एक्स्प्रेशनची, म्हणजे खास चिन्हांनी लिहिलेल्या नमुन्याची, गरजच नसते.

शोध थेट रूटपासून, म्हणजे सगळ्यात वरच्या फोल्डरापासून, सुरू करायचा असेल तर प्रॉक आणि सिस या फोल्डरांना आधी वगळा. तिथल्या फाइली डिस्कवर नसतातच, कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्या जागच्या जागी तयार करून देतं, आणि त्यातली एखादी वाचायला घेतली की ग्रेप तिथेच ताटकळत बसतं. फाइली हुडकणाऱ्या फाइंड या कमांडीला एक्सडेव्ह सांगितलं की ते दुसऱ्या फाइलसिस्टीममध्ये पाऊल टाकत नाही, म्हणून मी यादी फाइंडकडून घेतो आणि नावं पुढच्या कमांडीला पोचवणाऱ्या एक्सआर्ग्जमार्फत ग्रेपला देतो. दोन्हीकडे शून्य बाइटने नावं वेगळी करायची, नाहीतर नावात स्पेस असलेली फाइल आली की तिचे दोन तुकडे होतात आणि 'अशी फाइल नाही' म्हणून ओरड सुरू होते.

मोठ्या फोल्डरांसाठी रिपग्रेप या ग्रेपसारख्याच हत्यारावर आलोय. अँड्र्यू गॅलंट यांनी ते रस्ट या भाषेत लिहिलं, २०१६ साली आलं. एकाच वेळी अनेक थ्रेडवर काम करतं, त्यामुळे वेग जाणवतो. वेग मोजणाऱ्यांना एक सूचना: तोच शोध दुसऱ्यांदा चालवला की फाइली आधीच मेमरीत असतात, तेव्हा दुसऱ्या धावेचा आकडा पाहून हुरळून जाऊ नका. रिपग्रेप लपवलेल्या फाइली, बायनरी फाइली आणि गिटइग्नोरमध्ये (गिटने कुठल्या फाइली वगळायच्या त्या यादीत) लिहिलेलं सगळं मुकाट्याने सोडून देतं. प्रोग्रामरला हे सोयीचं, पण घरभर शोधायला निघालेल्याला घातक. स्मॉल यू तीनदा दिला की ही सगळी बंधनं सुटतात. 'काहीच सापडलं नाही' असं उत्तर आलं की मी आधी तो देऊन पाहतो. रिपग्रेपचा दुसरा गुण म्हणजे यूटीएफ-१६ या वेगळ्या एन्कोडिंगमधली फाइल सुरुवातीच्या बीओएम या खुणेच्या बाइटांवरून ओळखून ते नीट वाचतं. ग्रेपला तिथे आयकॉन्व्ह या कमांडीने यूटीएफ-८ मध्ये रूपांतर करून द्यावं लागतं.

आता देवनागरी. सगळा वेळ इथेच गेला, आणि मजाही इथेच आली.

'ॲप' शोधलं तर निम्म्याच फाइली हाती लागल्या. उरलेल्या उघडून पाहिल्या तर डोळ्यांना शब्द तोच. फाइलीतले बाइट दाखवणाऱ्या एक्सएक्सडीला दिल्यावर उलगडा झाला. एका फाइलीत ॲ हे एकच अक्षर होतं, युनिकोडमधला क्रमांक यू+०९७२, बाइट ई० ए५ बी२. दुसरीत अ आणि त्यावर चंद्र, म्हणजे यू+०९०५ आणि यू+०९४५, मिळून सहा बाइट. तिसरीत त्या दोघांच्या मध्ये झेडडब्ल्यूजे हा अदृश्य जोडक बसलेला, यू+२००डी. पडद्यावर तिघांत काडीचा फरक नाही. ॲचं हे एकसंध रूप युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधीचा मजकूर दुसऱ्या दोन पद्धतींतच असणार. नॉर्मलायझेशन, म्हणजे समान रूपांना एकाच साच्यात आणणं, तेही इथे कामी येत नाही, कारण युनिकोड या रूपांना समान मानतच नाही.

ऱ्याचं प्रकरण जरा वेगळं. 'दुसऱ्या'मधला ऱ हा यू+०९३१ असू शकतो, किंवा र आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब). हे दोन युनिकोडच्या लेखी समान आहेत, तेव्हा यूकॉन्व्ह या कमांडीने एनएफसी हे नॉर्मलायझेशन केलं की दोन्ही एक होतात. पण र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे अशीही एक जुनी पद्धत आहे, आणि ती एनएफसीलाही दाद देत नाही.

म्हणून शोधा नावाचं छोटं शेल फंक्शन केलंय. मी शब्द कसाही टाइप केला तरी सेड ही मजकूर बदलणारी कमांड त्यातल्या ॲच्या जागी तिन्ही रूपांचा पर्यायी गट घालते, ऱ्याचंही तसंच, आणि मग तो नमुना रिपग्रेपकडे जातो. मूळ फाइलींना हात लावत नाही. सगळ्या फाइली एकदाच साफ करून टाकाव्यात असं काहींचं मत आहे. मला ते पटत नाही, दुसऱ्यांनी पाठवलेल्या फाइली जशा आल्या तशाच राहाव्यात.

मराठीचे प्रत्यय हा पुढचा अडथळा. अख्खा शब्द जुळवणारा डब्ल्यू पर्याय इथे उपयोगाचा नाही, 'घर' शोधताना तो 'घरात', 'घराला' सगळं गाळतो. डब्ल्यू काढला की ते मिळतात, पण 'पाणी' शोधून 'पाण्यात' मिळत नाही, कारण सामान्यरूपात शब्दच बदलतो. नुसतं 'पाण' दिलं तर पाणबुडी आणि पाणउताराही येऊन बसतात. तेव्हा पा आणि पुढे णी किंवा ण्या असा गट. असे नमुने एका फाइलीत जमवतोय. रेग्युलर एक्स्प्रेशनमधल्या टिंबाबद्दलही सावध राहा, त्याचा अर्थ कुठलंही एक चिन्ह: 'क.म' ला 'काम' जुळतं, कारण काना हे स्वतंत्र चिन्ह आहे, पण 'क्रम' जुळत नाही, तिथे क आणि म यांच्यामध्ये हलन्त आणि र अशी दोन चिन्हं आहेत. सी लोकॅलमध्ये (लोकॅल म्हणजे भाषा आणि एन्कोडिंगची सेटिंग) तर टिंब एकेक बाइट धरतं आणि आपलं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, तेव्हा लोकॅल यूटीएफ-८ आहे का ते आधी बघा.

वर्डची डॉकएक्स फाइल म्हणजे झिप. आतला मजकूर दाबून भरलेला असतो, ग्रेपला तो दिसत नाही. अनझिपला पी पर्याय देऊन आतली डॉक्युमेंट नावाची एक्सएमएल फाइल थेट पाइपमध्ये काढता येते. पण तेवढ्यावर थांबू नका. एकच शब्द कधी कधी दोन-तीन टॅगांत विभागलेला असतो, अर्धा शब्द इकडे, अर्धा तिकडे. आधी परिच्छेद बंद होणाऱ्या टॅगच्या जागी नवी ओळ घालायची, मग बाकीचे सगळे टॅग पुसायचे, आणि मग ग्रेप. क्रम उलटा झाला तर अख्खी फाइल एका ओळीत येते आणि ओळ क्रमांकाला अर्थ उरत नाही.

पीडीएफमधला मजकूर काढायला पीडीएफटूटेक्स्ट. इंग्रजीला झकास, मराठीला नशिबावर: पहिली वेलांटी कधी भलत्याच जागी येते, कधी नुसती चिन्हांची खिचडी. स्कॅन केलेल्यांत तर मजकूरच नसतो, ते चित्रातून मजकूर वाचणाऱ्या टेसरॅक्टचं काम. त्यात मराठी आहे, पण त्याची नोंद वेगळी लिहीन.

राहिल्या युनिकोडपूर्व फाँटांतल्या फाइली. तिथे बाइट रोमन अक्षरांचे, आणि फाँट त्यांना मराठीचा वेश चढवतो. फाँट काढला की उरतो इंग्रजी अक्षरांचा चिवडा, आणि ग्रेपला दिसतो तोही तोच. शोधायचा शब्द उलट्या बाजूने त्या चिवड्यात बदलून शोधावा असा बेत आहे, म्हणजे फाइल बदलावी लागणार नाही. त्यासाठी फाँटागणिक तक्ता लागतो. एका फाँटाचे स्वर आणि व्यंजनं झाली, जोडाक्षरं सुरू आहेत, रफार अजून हट्ट धरून बसलाय. कुणाकडे असा तक्ता तयार असेल तर कळवा.