ठाणे-रत्नागिरी, एक मीटर काठीने

मुक्ता नववीत गेली आणि ठाण्यात नौपाड्यात भेटणारा जो तो मला विचारू लागला, "फाउंडेशन कुठे लावलंय?" म्हणजे पुढच्या प्रवेश परीक्षांची आतापासून तयारी करून घेणारा क्लास. कुठेच नाही म्हटलं की समोरच्याचा चेहरा असा होतो, जणू मी पोरीला पोलिओचा डोसच चुकवलाय.

फीबद्दल माझी तक्रार आहेच, पण त्याहून मोठी तक्रार दिशेची आहे. गणित-विज्ञान आवडणाऱ्या पोराच्या हातात आपण काय ठेवतो? पुढच्या इयत्तेचं पुस्तक. मला वाटतं, अशा पोराला पुढे पळवू नये, आहे त्याच इयत्तेत आडवंतिडवं हिंडू द्यावं. महाराष्ट्र बोर्डाच्या नववीच्या गणितात त्रिकोणमितीचा धडा आहे. त्यातल्या नुसत्या टॅनवर, म्हणजे सावली भागिले काठीची उंची एवढ्यावर, पृथ्वीचा परीघ काढता येतो. मुक्ताने आणि रत्नागिरीच्या सोहमने, म्हणजे माझ्या दादाच्या मुलाने, मार्चमध्ये तो काढला.

परीघ मोजण्याची प्राचीन ग्रीक विद्वान एराटोस्थेनिसची युक्ती सगळ्यांनी कुठे ना कुठे वाचलेली असते : दोन गावं, दोन सावल्या, कोनांतला फरक. तो फरक ३६० अंशांचा जितकावा भाग, गावांमधलं अंतर परिघाचा तितकावा भाग. गावं एकाच रेखावृत्तावर असली तर उत्तम. नकाशा बघताना लक्षात आलं की ठाण्याहून सरळ दक्षिणेला बोट सरकवलं तर ते जवळजवळ रत्नागिरीवरच येतं. सरळ रेषेत अंतर सुमारे २४५ किलोमीटर. सोहमने आधी एसटीच्या रस्त्याचं अंतर धरलं होतं. घाटातली सगळी वळणं पृथ्वीच्या परिघात जमा झाली असती! त्यावरून दोघांचं फोनवर कडाक्याचं भांडण झालं. मी मध्ये पडले नाही, कारण भांडण बरोबर मुद्द्यावर चाललं होतं.

त्यासाठी दिवस-रात्र समान असतात तो विषुवदिनच पाहिजे असं काही नाही, दोघांनी एकाच दिवशी माध्यान्हीला मोजलं की पुरे. म्हणून त्या आठवड्यातला रविवार धरला. मुक्ता बारा वाजता गच्चीवर जाऊन बसली. बाराला सावली कमी होतच होती, साडेबारालाही होतच होती. सगळ्यात आखूड झाली ती पाऊण वाजण्याच्या सुमारास. हे असं का, याचा शोध घेण्यात तिचा आख्खा सोमवार गेला. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं, ठाणे ७३ अंशांच्या जवळ. साडेनऊ अंश, दर अंशाला सूर्य चार मिनिटं घेतो, म्हणजे ३८. उरलेली सातेक मिनिटं पृथ्वीच्या लंबवर्तुळाकार कक्षेची आणि कललेल्या आसाची. ही सात मिनिटं कुठल्याच क्लासने तिला दिली नसती, कारण ती कुठल्याच पेपरात येत नाहीत.

उत्तर आलं ४५ हजार किलोमीटर. खरा आकडा ४० हजार. सोहम म्हणाला, जवळ आलं की! मी महापे एमआयडीसीतल्या एका क्वालिटी कंट्रोल लॅबमध्ये काम करते. पाच हजारांची चूक आमच्याकडे कुणी जवळ म्हणत नाही. मी एवढंच विचारलं, "अर्धा सेंटीमीटर इकडेतिकडे झाला तर परीघ कितीने बदलतो?" दोघं गणित करायला बसली. एक मीटर काठीची सावली विषुवदिनाच्या सुमारास ठाण्यात साधारण ३५ सेंटीमीटर, रत्नागिरीत साडेतीस. सगळा खेळ चार-साडेचार सेंटीमीटरचा. अर्धा सेंटीमीटर चुकला की उत्तर दहा-बारा टक्क्यांनी हलतं.

मग चूक कुठे? रत्नागिरीत दादाने दोरीला नट बांधून ओळंबा केला होता, तिथली काठी सरळच होती. आमच्याकडची काठी मुक्ताने नजरेनेच उभी केली होती. त्यातच सावलीची कड धूसर, कारण सूर्य म्हणजे ठिपका नव्हे, आकाशात अर्ध्या अंशाची तबकडी. एवढ्या काठीच्या टोकाशी त्याचा सेंटीमीटरभर पट्टा अंधुक पडतो, त्यात नेमकी पट्टी कुठे लावायची? इथे मुक्ता अडली. चांगले दोन-तीन दिवस अडली. मला उत्तर माहीत होतं आणि गप्प बसणं जड गेलं, ते वेगळं.

शेवटी तिने काठीच्या टोकाला पुठ्ठा लावून त्याला दाभणाने भोक पाडलं. सावलीत सूर्याचा छोटा गोल पडला. त्याचा मध्य धरायचा, कड नाहीच. पुढच्या रविवारी दोन्हीकडे तसं केलं, काठीऐवजी भोकाची उंची मोजली, तीनतीनदा रीडिंग घेतलं. उत्तर ४१ हजारांच्या थोडं वर आलं. यावर मी खूश होते, मुक्ता नव्हती.

स्पर्धांना माझा विरोध नाही. डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीला असते, त्यातली प्रात्यक्षिकाची फेरी मला मनापासून आवडते, कारण तिथे घोकून भागत नाही. पण पुढच्या फेरीचा प्रकल्पही हल्ली तयार मिळतो. एका क्लासने आम्हाला विषयांची यादीच पाठवली होती, निष्कर्षासकट! राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत स्थानिक प्रश्न घ्यावा लागतो, आणि आपल्याकडे तर दारात ठाण्याची खाडी आहे. ऐरोलीच्या बाजूचं लिटरभर पाणी मे महिन्यात आटवा, ऑगस्टमध्ये आटवा, मागे राहिलेलं मीठ तोला. तराजू तेवढा बरा हवा.

आकाश बघायचं तर वांगणीला खगोल मंडळाचे रात्रभराचे कार्यक्रम असतात. २८ फेब्रुवारीच्या सुमारास नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण लोकांसाठी खुली असते, ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश. गर्दी फार, पण एका डिशखाली उभं राहिल्यावर गर्दीचं काही वाटत नाही.

गणिताच्या ऑलिंपियाडची पहिली पायरी म्हणजे आयओक्यूएम ही पात्रता परीक्षा : तीन तास, तीस प्रश्न, पर्याय नाहीत, प्रत्येकाचं उत्तर ०० ते ९९ मधला आकडा. जुने पेपर मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. मुक्ता परीक्षेला बसेल की नाही, ते तिचं ती ठरवेल. आम्ही एवढंच करतो की दर रविवारी एक गणित फ्रिजवर लावतो. मुदत नाही, बक्षीस नाही, विचारल्याशिवाय मदत नाही. तिचे बाबाही सोडवतात, म्हणजे सोडवतोय असं दाखवतात.

सध्या फ्रिजवर आहे ते असं : १ ते १०० मधल्या कुठल्याही ५१ वेगवेगळ्या संख्या निवडा. त्यांत एक तरी जोडी अशी सापडतेच की एक संख्या दुसरीला निःशेष भागते. का? ५० निवडल्या तर मात्र सुटता येतं, ५१ ते १०० घ्या की झालं. एवढ्यापर्यंत मुक्ता पहिल्याच दिवशी आली आणि तिथेच थांबली आहे. उत्तर इथे लिहीत नाही. ती हे वाचते.