लाउडन काउंटीतले रस्त्याकडेचे फलक : एक रविवार

व्हर्जिनिया राज्यातल्या ॲशबर्नमधले आम्ही सगळेच रूट ७ आणि रूट १५ वरून रोज जातो. कडेला इथला इतिहास सांगणारे, काळ्या अक्षरांचे चंदेरी फलक दिसतात, वाचायचे मात्र राहून जातात. या मे महिन्यात बाबा पुण्याहून आले. गावोगावी देवळाबाहेरचे वीरगळ बघायला गाडी थांबवायला लावणारा माणूस. "अगं, थांब ना जरा, काय लिहिलंय ते बघू," हे चार दिवस ऐकल्यावर एक अख्खा रविवार फक्त फलकांसाठी काढला.

आधी कामाचं. फलकासमोर गाडी उभी करू नका. लीसबर्गच्या उत्तरेला रूट १५ दोनच लेनचा आहे, मागून ट्रक येतात आणि बाजूला जागा नसते. हिस्टॉरिकल मार्कर डेटाबेस या संकेतस्थळावर प्रत्येक फलकाचा मजकूर आणि नकाशा मिळतो. तो घरीच वाचून घ्या, आणि निघायचं ते सकाळी आठच्या आत.

दुसरं म्हणजे, फलक रस्त्यावर असला तरी घटनेची जागा बऱ्याचदा आत असते. बॉल्स ब्लफचं तसंच आहे. अमेरिकी यादवी युद्धात, २१ ऑक्टोबर १८६१ रोजी, पोटोमॅक नदी ओलांडून आलेलं उत्तरेचं सैन्य इथल्या कड्यावर कोंडीत सापडलं. लिंकनचे जिवलग मित्र, सिनेटर एडवर्ड बेकर इथेच पडले. लढाईत मारले गेलेले ते अमेरिकेचे एकमेव विद्यमान सिनेटर. गाडी वसाहतीच्या टोकाला लावून जंगलातून चालत जायचं. पायवाट नदीकडे चांगलीच उतरते, आणि गवतात गोचिडी असतात, तेव्हा पूर्ण पँट घाला. आत दगडी कुंपणातलं छोटंसं दफनस्थान आहे. २५ थडग्यांत ५४ सैनिक, आणि नाव फक्त एकाचं : जेम्स ॲलन. बाबा त्या एका दगडापाशी बराच वेळ उभे होते.

फलकाची शेवटची ओळ चुकवू नका. तिथे खात्याचं नाव आणि साल असतं. व्हर्जिनियात ही फलकांची योजना १९२७ मध्ये सुरू झाली. जुन्या फलकांवर फौजा कुठून कुठे गेल्या, हेच जास्त. कृष्णवर्णीय लोकांच्या इतिहासाला जागा मिळायला कितीतरी दशकं जावी लागली. लीसबर्गची डग्लस शाळा म्हणूनच मला या फेरीतली सगळ्यात मोठी जागा वाटते. काउंटी कृष्णवर्णीय मुलांसाठी धड हायस्कूल बांधत नव्हती, म्हणून पालकांनी वर्गणी काढून जमीन विकत घेतली आणि ती काउंटीला एका डॉलरला दिली. १९४१ मध्ये शाळा उघडली. माझी मुलगी इथल्याच सरकारी शाळेत जाते, आणि मला हे माहीतच नव्हतं.

जेवण लीसबर्गमध्येच उरका, कारण पुढे वॉटरफर्डला खाण्याची फारशी सोय नाही. तिथे जाऊन पुढे मेरीलँडला उतरायचा बेत असेल तर पोटोमॅकवरची व्हाइट्स फेरी ही गाड्या नेणारी बोट धरून चालू नका. ती डिसेंबर २०२० मध्ये बंद पडली. पॉइंट ऑफ रॉक्सचा पूल आहे.

वॉटरफर्ड हे क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचं गाव. १७३३ च्या सुमारास एमस जॅनी पेनसिल्व्हेनियातून इथे आला. क्वेकर गुलामगिरीच्या विरोधातले. यादवी युद्धात व्हर्जिनिया अमेरिकेतून फुटून दक्षिणेच्या बाजूला गेली तेव्हा इथले क्वेकर आणि लव्हेट्सव्हिलकडचे जर्मन यांच्यातून लाउडन रेंजर्स ही उत्तरेच्या बाजूची तुकडी उभी राहिली. गावातला गिरणीवाला सॅम्युअल मीन्स तिचा कॅप्टन. २७ ऑगस्ट १८६२ च्या पहाटे दक्षिणेच्या घोडदळाने त्यांना बॅप्टिस्ट चर्चमध्ये गाठलं. हल्ला करणारेही याच काउंटीतले. स्नूट्स घराण्यातला एक भाऊ चर्चमध्ये होता, दुसरा बाहेर. शरणागतीनंतर बाहेरचा आतल्याला गोळी घालायला निघाला होता, अधिकाऱ्यांनी अडवलं.

चर्च विटांचं आहे, गोळ्यांच्या खुणा शोधाव्या लागतात. बाबांनी एका खळग्यात बोटाचं पेर घालून बघितलं. रस्ते अरुंद आहेत आणि घरं लोकांची राहती आहेत, तेव्हा अंगणात शिरू नका.

ऑल्डीची गिरणी आणि माउंट झायन चर्च वेळेअभावी राहिलं. बाबांचं परतीचं विमान पंधरा तारखेला आहे, त्याआधीचा शनिवार त्यासाठी ठेवलाय.