वळणावर

रव्या वळणावर थांबला होता. एवढंच झालं. त्यात लागण्यासारखं काय आहे ते सकाळपासून शोधतोय. झोप झाली, आंघोळ झाली, नीलाने केलेली खिचडी दोनदा खाऊन झाली. तरी हा आपला एक पाय रस्त्यावर, एक पेडलवर, असा डोक्यात उभाच.

रात्र नेहमीचीच. मार्गशीर्ष पौर्णिमा, वाईहून पसरणी घाट चढून पाचगणी, वर चहा, उजाडायच्या आत खाली. पूर्वी पुण्यापासून चालवत यायचो. आता सायकली गाडीला बांधून वाईपर्यंत आणतो आणि त्याबद्दल दोघंही काही बोलत नाही. ढोल्या गणपतीपाशी सायकली उतरवल्या तेव्हा दहा वाजून गेले होते. दत्तजयंती असल्यामुळे गाव जागं होतं, कुठूनतरी भजन ऐकू येत होतं. रव्याने माझ्या टायरची हवा अंगठ्याने दाबून पाहिली. हेही पूर्वी मी करायचो.

पसरणी घाट तसा अवघड नाही. वाई साधारण 700 मीटरवर, पाचगणी 1300च्या आसपास, म्हणजे दहा-बारा किलोमीटरमध्ये सहाशे मीटर चढायचं. कुठे अंगावर येत नाही, पण कुठे सोडतही नाही. सपाट तुकडा येईल या आशेवर वळण घ्यावं, तर पुढे तेवढाच चढ. मे महिन्यानंतर गुडघा पहिल्यासारखा राहिला नाही, पण तो विषय नको.

थांबण्याबद्दल. चढाला प्रत्येकाची आपापली गती असते, बरोबरीने चालवायचं म्हटलं की दोघांचेही हाल होतात. म्हणून पुढच्याने पुढे जायचं आणि वळणावर थांबायचं, हा रिवाज. यातली मेख फक्त मागच्यालाच कळते. पुढचा पोचतो, पाणी पितो, चंद्र बघतो, त्याचा श्वास जागेवर येतो. मग मागचा धापा टाकत येतो आणि तो पाय टेकवणार तेवढ्यात पुढचा म्हणतो, "चल." म्हणजे ज्याला विश्रांती हवी त्याला ती कधीच मिळत नाही. घाटातला हा अन्याय कुठल्याही सायकल क्लबच्या नियमावलीत नाही.

काल प्रत्येक वळणावर तेच. त्यात चांदणं इतकं लख्ख की तो बऱ्याच लांबून दिसायचा. पौर्णिमेचा उजेड उन्हाच्या चार लाखाव्या भागाएवढा असतो म्हणतात. असेल, पण एखादा माणूस आपल्यासाठी ताटकळलाय हे दिसायला तेवढा पुरतो. रंग तेवढे जातात. त्याची लाल जर्सी पार काळी दिसत होती. खाली धोम धरणाचं पाणी पत्र्यासारखं पसरलेलं. ते बघायला थांबावं असं मनात होतं, पण थांबलो असतो तर तो आणखी थांबला असता.

'बरा आहेस ना?' एवढं तरी विचारायचं. नाही विचारलं. विचारलं असतं तर चिडलो असतो, तो भाग वेगळा.

कात्रजच्या जुन्या बोगद्याशी मी याच्यासाठी थांबायचो. ढेकूळ होता नुसता. चढ आला की उतरून सायकल ढकलायचा आणि वर चेन पडली म्हणून सांगायचा. आता बीआरएम करतो, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी. साडेतेरा तासांत 200 किलोमीटर. वेळेच्या आत पोचला की फोटो पाठवतो. मी अंगठा पाठवतो. तेव्हा मी बोगद्याशी थांबायचो तेव्हा माझा चेहरा कसा असायचा, ते आठवायचा सकाळपासून प्रयत्न करतोय. थांबणाऱ्याला स्वतःचा चेहरा कुठला आठवायला. ज्याच्यासाठी थांबलेलं असतं त्यालाच तो पाठ असतो.

वर एक गाडा उघडा होता. चहा घेतला. थंडी मरणाची. स्ट्रॉबेरीचे क्रेट भरलेला एक टेम्पो बाजूला लावलेला, त्या वासात चहा चहासारखा लागत नव्हता. मी सायकल विकण्याचा विषय काढणार होतो. ताईशी झालेलं बोलणंही सांगणार होतो. त्याने बिस्किटाचा पुडा फोडून माझ्यापुढे सरकवला आणि मी चांद्रयानाबद्दल बोलत बसलो. कशासाठी, देव जाणे. एरवी इतिहासावर घसरणारा रव्याही काल गप्प. चढायला लागताना पसरणी गाव गेलं, शाहीर साबळ्यांचं गाव, तिथे हा काहीतरी गुणगुणल्याशिवाय पुढे जात नाही. काल तेही नाही.

उतरायला लागलो तेव्हा दोन वाजून गेले होते. मध्यरात्री चंद्र जवळजवळ डोक्यावर होता, सावली चाकाखाली. आता तो पश्चिमेकडे, म्हणजे टेबललँडच्या अंगाला कलला होता आणि घाटाचा निम्मा रस्ता कड्यांच्या नि झाडांच्या सावलीत गेलेला. चांदणं, काळोख, चांदणं, काळोख. एका वळणाच्या आधी रव्याने ब्रेक दाबला आणि म्हणाला,

"तू पुढे हो. मला सावलीतलं काही दिसत नाही हल्ली."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे खड्डे दिसत नाहीत. समोरून गाडी येऊन गेली की नंतर बराच वेळ आंधळाच असतो. तुझा दिवा मोठा आहे, तू हो पुढे. चढताना पण तुझीच वाट बघत होतो."

आणि निघाला. म्हणजे मी निघालो, तो माझ्या मागच्या चाकाला चिकटून. मी ओरडत होतो, "डावीकडे खड्डा," "वाळू," "टेम्पो." तो नुसता "हां" म्हणत होता. पाऊण घाट असाच उतरलो. बोटं गारठून ब्रेकवर कडक झाली होती आणि मी मजेत होतो हे लिहायला हरकत नाही. फार मजेत होतो.

पण घरी आल्यावर किडा वळवळायला लागला. हे खरं, की हेही माझ्यासाठीच?

कारण रव्या असं करू शकतो. नीलाच्या वडिलांच्या वेळेस काय केलं होतं त्याने, ते मला माहीत आहे. एखाद्याला हात द्यायचा तर असा द्यायचा की घेणाऱ्याला वाटावं आपणच दिला. मग मी दुपारभर वळणं आठवत बसलो. वाईच्या बाजूची घाटाची धार पूर्वेकडे उघडी आहे, तेव्हा चढताना चंद्र धारेसमोर होता आणि बहुतेक रस्ता उजळलेला. काळोख फक्त खोबणीतल्या वळणांवर, दाट झाडीखाली. तो नेमका तिथेच थांबायचा का? एका ठिकाणी नक्की. दुसरं एक वळण मात्र मला कठड्याच्या चुन्यासकट स्पष्ट आठवतंय, तिथे चंद्र लख्ख होता आणि तरी हा थांबलेला. तिथे कोणाची वाट बघत होता?

वाचलंही थोडं. अंधाराला डोळा सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, एक हेडलाइट आला की सगळं पुसलं जातं, आणि वय वाढतं तसं झगमगाटातून सावरायला जास्त वेळ लागतो. म्हणजे त्याचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. खड्ड्याकडे थेट बघू नये, जरा बाजूला बघावं म्हणजे दिसतो, ही युक्ती त्यानेच मला शिकवली होती. मग ती त्याला का पुरत नाही आता? की खरंच पुरत नाही? विचार इथवर आला तेव्हा माझ्या दुखऱ्या मनाची मलाच जरा लाज वाटायला हवी होती. वाटली ती भीती. आणि लगेच मागून, खोटं कशाला लिहू, थोडं बरंही वाटलं. एकाचा गुडघा, एकाचे डोळे. दोघांत मिळून एक धड सायकलवाला अजून निघतो.

खरं असो की खोटं, यातून सुटका कशी करून घ्यायची ते कळत नाही. विचारलं तर तो हसणार. खरं असेल तर हसणार आणि खोटं असेल तरी हसणार.

संध्याकाळी त्याचाच मेसेज आला. पौषात जमतंय का, यावेळी आंबेनळी घाट, दिवा चार्ज करून आण.

'आधी डोळे दाखवून ये' असं लिहिलं. पुसलं. 'आंबेनळीत खड्डे फार आहेत' असं लिहिलं. तेही पुसलं. शेवटी 'मोठी बॅटरी घेतो, पण पुढे मी, चढाला सुद्धा' असं पाठवलं. त्याने अंगठा पाठवलाय. चढाला मी पुढे म्हणजे पाचगणीच्या वेगाने महाबळेश्वर, त्याला दिवस उजाडेल घाटात. उजाडू दे.

नीला विचारतेय, गुडघ्याचं तेल कुठे ठेवलंस. गाडीतच राहिलंय बहुतेक, रव्याच्या बॅगेत.