तुम्ही विचारलंत म्हणून : हिवाळा म्हातारा का?

बरोक काळातली, म्हणजे साधारण सतराव्या शतकातल्या युरोपातली, ऋतूंना माणसांच्या रूपात दाखवणारी रेखाटने दाखवू लागलो की एक प्रश्न हमखास येतो : वसंत फुलांनी, उन्हाळा कणसांनी आणि शरद द्राक्षांनी ओळखू येतो, मग हिवाळ्याच्याच वाट्याला शेगडीपाशी अंग आखडून बसणारे म्हातारपण का?

त्याचे मूळ ऑव्हिड या रोमन कवीपाशी सापडते. ‘मेटॅमॉर्फसिस’ या त्याच्या रूपांतरांच्या कथाकाव्याच्या दुसऱ्या भागात सूर्याच्या महालात चारही ऋतू उभे आहेत आणि त्यांत हिवाळ्याचे केस पांढरे, राठ आहेत, पंधराव्या भागात तर वर्षच माणसासारखे बालपणाकडून वार्धक्याकडे सरकते. गंमत अशी की लॅटिनमधला हिवाळा, ‘हिएम्स’, स्त्रीलिंगी आहे, त्यामुळे म्हातारपण कवितेतून आले असले तरी पुरुषपण तिथले नव्हे. चेझारे रिपा या इटालियन लेखकाने १५९३ मध्ये रोममध्ये छापलेल्या ‘इकोनोलोजिया’त, म्हणजे कोणत्या कल्पनेला कोणते रूप आणि कोणती वस्त्रे द्यावीत हे सांगणाऱ्या कोशात, हिवाळ्यासाठी म्हातारा किंवा म्हातारी दोन्ही चालतात. कातड्याची वस्त्रे ल्यालेली ही व्यक्ती त्याने आगीजवळ, वाढलेल्या मेजाशी जेवायला बसवली आहे. पुढच्या चित्रकारांनी बहुधा जेवण वगळले आणि आग ठेवली, ते बरेच झाले. भरलेले मेज पाहून हा सुगीचा शरद आहे असे कुणालाही वाटले असते.

अशी गल्लत परवडणारी नव्हती, कारण रेखाटन अनेकदा दुसऱ्याच्या हाती सोपवायचे असे. फ्रान्सच्या राजाच्या व्हर्साय राजवाड्याच्या बागेसाठी १६७४ मध्ये चोवीस पुतळ्यांचे काम निघाले, तेव्हा राजाचा चित्रकार शार्ल ल ब्रँ याने आकृत्या रेखाटून दिल्या आणि त्यांवरून निरनिराळ्या शिल्पकारांनी संगमरवर घडवला. त्यांतला हिवाळा फ्रांस्वा जिरार्दोंचा : वस्त्रात गुरफटलेला वृद्ध आणि पायाशी शेगडी. मला तिथल्या चार ऋतूंत तोच सरस वाटतो. वसंत फुले घेऊन नुसता उभा राहतो. या म्हाताऱ्याच्या मात्र सगळ्या शरीराला थंडी वाजते.

त्या काळच्या रेखाटनांत सावलीसाठी पुष्कळदा ‘बिस्त्र’ नावाचा तपकिरी रंग पातळ करून फिरवलेला असतो. तो जळलेल्या लाकडाच्या काजळीपासून करत. अशा कागदावर शेगडीची ज्वाळा म्हणजे अनेकदा कोरी सोडलेली जागा असते, आणि भोवतीचा अंधार खऱ्याखुऱ्या चुलीतून आलेला असतो.