ब्राउझरमधलं क्रिप्टो वॉलेट: बारा शब्द आणि प्रत्येक सही

‘वॉलेट’ हा शब्दच जरा फसवा आहे. पाकिटात पैसे असतात. मेटामास्कसारख्या ब्राउझर वॉलेटमध्ये एक छदामही नसतो. शिल्लक ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर एकत्र सांभाळलेल्या सार्वजनिक नोंदवहीत, नोंदलेली असते आणि वॉलेट सांभाळतं ती त्या नोंदीत बदल करण्यासाठी लागणारी सहीची किल्ली. त्यामुळे पैसे जाण्याच्या मुख्य वाटा दोनच. एक, किल्ली दुसऱ्याच्या हाती लागते. दोन, तुम्ही स्वतः न वाचता सही करता. पहिलीबद्दल सगळे बोलतात, दुसरीबद्दल फार कमी, म्हणून खाली दुसरीवर जास्त लिहिलं आहे.

सुरुवात ब्राउझरपासून. क्रोम, ब्रेव्ह, एज किंवा फायरफॉक्समध्ये वॉलेटसाठी वेगळं प्रोफाइल उघडा आणि त्यात वॉलेटशिवाय एकही एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम, ठेवू नका. कूपन शोधणारं, स्क्रीनशॉट काढणारं, व्याकरण तपासणारं एक्स्टेन्शन बहुतेक वेळा ‘सर्व वेबसाइटवरचा डेटा वाचणे व बदलणे’ अशी परवानगी घेऊन बसलेलं असतं. त्याला तुमची किल्ली थेट वाचता येत नाही, पण पानावर दिसणारा पत्ता बदलता येतो, आणि नुकसान व्हायला तेवढं पुरतं. शिवाय आज चांगलं असलेलं एक्स्टेन्शन उद्या दुसऱ्याला विकलं जातं आणि पुढचं अपडेट नव्या मालकाकडून येतं.

वॉलेटचं नाव सर्च इंजिनमध्ये टाकून पहिल्या निकालावर क्लिक करू नका. वरच्या जाहिरातींत हुबेहूब नकली संकेतस्थळं अनेकदा सापडली आहेत. अधिकृत पत्ता स्वतः टाइप करा, तिथल्या दुव्यावरून एक्स्टेन्शन स्टोअरमध्ये जा, प्रकाशकाचं नाव तपासा, मगच इन्स्टॉल करा आणि लगेच बुकमार्क करा.

नवं वॉलेट तयार करताना आधी पासवर्ड मागितला जातो. हा पासवर्ड फक्त या एका ब्राउझरचं कुलूप आहे. किल्ल्यांची फाइल तुमच्या डिस्कवर त्यानेच कूटबद्ध करून ठेवलेली असते. विसरलात तरी बारा शब्दांवरून सगळं परत येतं. पण एखाद्या मालवेअरने ती फाइल उचलून नेली, तर तिच्यावर चोर हवे तितके अंदाज, हवा तितका वेळ लावू शकतो. तीन चुका झाल्या म्हणून कोणी त्याला अडवत नाही. म्हणून पासवर्ड लांब हवा आणि इतर कुठेही न वापरलेला हवा.

मग येतात ते बारा शब्द, म्हणजे सीड फ्रेज. वॉलेटच्या किल्ल्या यांतूनच निघतात. २०४८ शब्दांची एक ठरलेली यादी आहे आणि त्यातून हे निवडले जातात. काही वॉलेटमध्ये आता गूगल किंवा अॅपल खात्यानेही सुरुवात करता येते. सोयीचं आहे, पण सगळा भार पुन्हा त्या खात्यावर आणि पासवर्डवर येतो. शिकायचं असेल तर बारा शब्दांचाच मार्ग घ्या.

शब्द इंग्रजी असतात, तेव्हा कागदावर ते इंग्रजी अक्षरांतच, सुटी छापील अक्षरं काढून, १ ते १२ क्रमांक घालून लिहा. यादी अशी बनवली आहे की पहिल्या चार अक्षरांवरून प्रत्येक शब्द वेगळा ओळखता येतो. तरी ‘वर्ड’, ‘वर्क’ आणि ‘वर्ल्ड’ हे तिन्ही यादीत आहेत, आणि घाईत काढलेलं शेवटचं अक्षर सहा महिन्यांनी वाचताना घाम फुटतो. फोटो काढू नका, कारण तो आपोआप क्लाउडवर चढतो. स्वतःलाच ईमेल किंवा मेसेज करून ठेवणं, नोट्स अॅपमध्ये लिहिणं, प्रिंटरला पाठवणं, यातलं काहीही नको. दोन प्रती करा आणि दोन वेगळ्या जागी ठेवा. एकाच कपाटातल्या दोन प्रती आग लागली की एकदमच जातात.

यापुढची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची. पैसे टाकण्याआधी पत्ता लिहून घ्या, एक्स्टेन्शन काढून टाका, पुन्हा बसवा आणि कागदावरचे शब्द टाकून वॉलेट परत उभं करा. तोच पत्ता दिसला तर कागद बरोबर आहे. ‘चूक असेल तर वॉलेट सांगेलच’ यावर विसंबू नका. बारा शब्दांत तपासणीसाठी फक्त ४ बिट, म्हणजे सोळा शक्यतांपुरती जागा, राखलेली असते. त्यामुळे यादीतलाच चुकीचा शब्द किंवा बदललेला क्रम साधारण सोळापैकी पंधरा वेळा पकडला जातो. सोळाव्या वेळी काहीही तक्रार न करता एक वेगळंच, रिकामं वॉलेट उघडतं आणि माणूस समजतो की पैसे चोरीला गेले.

एकाच सीड फ्रेजमधून हवी तेवढी खाती निघतात आणि ती ठरलेल्या क्रमाने परत येतात. मात्र प्रायव्हेट की, म्हणजे एकाच खात्याची गुप्त किल्ली, चिकटवून बाहेरून आणलेलं खातं या बारा शब्दांत नसतं. त्याची किल्ली वेगळी जपावी लागते.

सेटिंगमध्ये ऑटो-लॉक पाच मिनिटांवर ठेवा. आणि मग थेट मोठी रक्कम न आणता आधी सेपोलिया या टेस्ट नेटवर्कवर हात साफ करून घ्या. तिथलं इथर (इथेरियमचं नाणं) फुकट मिळतं आणि त्याला काही किंमत नसते, त्यामुळे चुका करायला ती उत्तम जागा आहे.

पत्ता शून्य आणि एक्स या दोन चिन्हांनी सुरू होतो आणि पुढे ४० अक्षर-अंक असतात. इथेरियम, पॉलिगॉन, आर्बिट्रम अशा सगळ्या नेटवर्कवर, म्हणजे वेगवेगळ्या ब्लॉकचेनवर, तुमचा पत्ता एकच राहतो, आणि गोंधळ इथेच सुरू होतो. पॉलिगॉनवर आलेलं यूएसडीसी (डॉलरच्या किमतीला बांधलेलं टोकन, म्हणजे डिजिटल नाणं), वॉलेट फक्त इथेरियम दाखवत असताना दिसत नाही. घाबरू नका, नेटवर्क बदला. एक्स्चेंजकडे, म्हणजे क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या कंपनीकडे, पाठवताना मात्र तुम्ही निवडलेलं नेटवर्क त्यांच्याकडे त्या टोकनसाठी चालतं का, हे आधी पाहा. चुकलात तर रक्कम परत मिळणं सर्वस्वी त्यांच्या मर्जीवर राहतं. नवं नेटवर्क हाताने जोडत असाल तर चेन आयडी, म्हणजे नेटवर्कचा ओळख-क्रमांक, जुळवा: इथेरियमचा १, पॉलिगॉनचा १३७.

शुल्क, म्हणजे गॅस, सहसा त्या-त्या नेटवर्कच्या मूळ नाण्यातच भरावं लागतं. वॉलेटमध्ये कितीही यूएसडीसी असो, इथेरियमवर थोडं इथर नसेल तर ते सहसा जागचं हलत नाही. साध्या इथर-हस्तांतरणाला २१,००० एकक गॅस लागतो. दर एककाला १० ग्वेई (एक ग्वेई म्हणजे इथरचा एक अब्जावा भाग) असेल तर शुल्क ०.०००२१ इथर. टोकन पाठवायला याहून जास्त लागतो. करार (ब्लॉकचेनवर आपोआप चालणारा प्रोग्रॅम) चालता चालता अडखळून व्यवहार फसला तरी वापरलेल्या गॅसचे पैसे जातातच. कमी शुल्कामुळे व्यवहार लटकला तर त्याच खात्यातून पुढचे व्यवहारही त्याच्यामागे अडकतात, कारण प्रत्येकाला नॉन्स नावाचा क्रमांक असतो आणि ते क्रमानेच जातात. अशा वेळी वॉलेटमधलं ‘स्पीड अप’ किंवा ‘कॅन्सल’ वापरा. दोन्ही त्याच क्रमांकाचा, जास्त शुल्काचा नवा व्यवहार पाठवतात.

आता सह्यांकडे वळू. संकेतस्थळाला वॉलेट ‘कनेक्ट’ करणं म्हणजे फक्त पत्ता आणि शिल्लक दाखवणं. त्याने पैसे हलत नाहीत. लॉगिनसाठीचा साधा मजकूर सही केला तरी सहसा बिघडत नाही. धोका सुरू होतो तो ‘अप्रूव्ह’पासून. अप्रूव्ह म्हणजे ‘या कराराला माझं अमुक टोकन एवढ्या रकमेपर्यंत काढून घेऊ दे’ अशी कायमची परवानगी. अनेक संकेतस्थळं सोयीसाठी अमर्याद रक्कम मागतात, आणि ती देणं म्हणजे कोऱ्या धनादेशावर सही करणं. खिडकीत ‘अनलिमिटेड’ किंवा ओळच्या ओळ भरणारा आकडा दिसला की थांबा, रक्कम बदलण्याचा पर्याय उघडा आणि आज जेवढे लागणार आहेत तेवढेच लिहा. १०० यूएसडीसी बदलायचे असतील तर १००.

याहून छुपा प्रकार म्हणजे ‘परमिट’. यात गॅस लागत नाही, खिडकी लॉगिनसारखी दिसते, पण परिणाम अप्रूव्हचाच. मजकुरात स्पेंडर, व्हॅल्यू, डेडलाइन हे शब्द असतील तर ते लॉगिन नव्हे, हे पक्कं लक्षात ठेवा. एनएफटीमध्ये (ब्लॉकचेनवरच्या एकमेव डिजिटल वस्तूंमध्ये) ‘सेट अप्रूव्हल फॉर ऑल’ एका सहीत त्या संग्रहातले तुमचे सगळे नग दुसऱ्याच्या ताब्यात देतं.

संकेतस्थळ खरं आहे एवढ्यावरही निश्चिंत होता येत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये बॅजरडाओ या क्रिप्टो सेवेच्या खऱ्याच संकेतस्थळात हल्लेखोरांनी आपला कोड घुसवला. लोक नेहमीच्या पानावर, नेहमीसारखे व्यवहार करत होते. मध्येच एक जादा परवानगीची खिडकी येत होती आणि ते ती मान्य करत होते. सुमारे १२ कोटी डॉलर गेले. पत्ता बरोबर होता, कुलूप-चिन्हही होतं. फरक दिसला असता तो फक्त वॉलेटच्या खिडकीत.

दिलेल्या परवानग्या रिवोक डॉट कॅशवर किंवा इथरस्कॅनच्या अप्रूव्हल यादीत दिसतात. दर महिन्याला पाहा आणि नको त्या रद्द करा. रद्द करायला थोडा गॅस लागतो. वॉलेटमधून संकेतस्थळ ‘डिस्कनेक्ट’ केलं म्हणजे परवानगी गेली, हा समज सर्रास आढळतो आणि तो साफ चुकीचा आहे. परवानगी ब्लॉकचेनवर असते. ती तिथेच रद्द करावी लागते.

पाठवताना पत्ता जुन्या व्यवहारांच्या यादीतून कॉपी करू नका. तुमच्या ओळखीच्या पत्त्याची पहिली आणि शेवटची चार-पाच अक्षरं जुळणारा पत्ता बनवून, त्यावरून शून्य रकमेचा व्यवहार तुमच्या यादीत पेरला जातो. मधली अक्षरं कोणी पाहत नाही, त्याचाच हा फायदा. नेहमीचे पत्ते वॉलेटच्या संपर्कयादीत साठवा आणि नव्या पत्त्यावर आधी अगदी किरकोळ रक्कम पाठवून पाहा. वॉलेटच्या टोकन-यादीत आपोआप उगवलेल्या अनोळखी टोकनना हातही लावू नका.

रक्कम गेली तर झोप उडेल एवढी झाली की लेजर किंवा ट्रेझरसारखं हार्डवेअर वॉलेट घ्या आणि ते मेटामास्कला जोडा. किल्ली त्या उपकरणातच राहते, ब्राउझर फक्त विनंती पुढे करतो. पण त्या उपकरणाचे शब्द ब्राउझरमध्ये टाइप केलेत की त्याचा उपयोग तिथेच संपला. रोजच्या प्रयोगांसाठी वेगळं, थोड्या पैशांचं खातं ठेवा. साठ्याचं खातं कुठल्याही संकेतस्थळाला जोडू नका.

आणि तरीही काही घडलंच तर आधी काय घडलं ते ओळखा. नुसती चुकीची परवानगी दिली असेल तर ती तत्काळ रद्द करा आणि ते टोकन दुसऱ्या खात्यात हलवा. किल्ली अजून तुमचीच आहे. पण शब्द कुठेतरी टाइप केले असतील, मदतनीस म्हणवणाऱ्या कोणाला सांगितले असतील, तर ते वॉलेट कायमचं सोडायचं. त्याच वॉलेटमध्ये नवं खातं काढून उपयोग नाही, तेही त्याच शब्दांतून निघतं. स्वच्छ उपकरणावर नवे बारा शब्द तयार करा आणि उरलेलं सगळं, सर्वांत किमती आधी, तिकडे पाठवा. जुन्या खात्यातलं इथर आधीच गेलं असेल, तर टोकन सोडवण्यासाठी गॅस म्हणून त्यात नवं इथर टाकण्याची घाई करू नका. तिथे पाळत ठेवून बसलेले बॉट (आपोआप चालणारे प्रोग्रॅम) ते काही सेकंदांत उचलतात.