टेलला कोण चालणार?

सोमवार, रात्री

आमच्या ट्रेकिंग क्लबची बैठक लांबली. ठराव एका ओळीचा होता. ज्याला ट्रेकचा लीडर व्हायचंय, त्यानं आधी काही ट्रेक टेलला, म्हणजे सगळ्यांच्या मागे चालायचं. मला वाटलं होतं पाच मिनिटांत हात वर होतील आणि पुढचा विषय घेऊ. त्यावरच सगळी संध्याकाळ गेली. पुढे चालायची हौस असलेल्यांचं म्हणणं असं की, टेलला काय, कुणीही चालेल. त्यात शिकण्यासारखं काय आहे? मी म्हणाले, कुणीही चालेल ना, मग या रविवारी कोण चालतंय? झालं, सगळ्यांना एकदम मोबाइल बघायचे आठवले.

हे नेहमीचंच. वाट काढायला, माथ्यावर फोटोत झेंडा धरायला माणसं मिळतात. ओला दोर वाळवून गुंडाळून ठेवायला, प्रथमोपचाराच्या पेटीतल्या मुदत संपलेल्या गोळ्या निवडून काढायला, पैसे भरून न आलेल्यांचे फोन घ्यायला मिळत नाहीत. आणि इथे कुणालाच पगार नसल्यामुळे कुणाला बजावताही येत नाही. नोकरीत साहेब सांगतो आणि माणूस करतो, मनात शिव्या घालत का होईना. आमच्याकडे मनात शिव्या घालायची वेळ आली की माणूस यायचाच थांबतो. राजीनामा वगैरे काही नाही. मेसेजवर निळ्या खुणा दिसतात, उत्तर येत नाही, एवढंच.

शेवटी आमच्यातला सगळ्यात दमाचा पोरगा म्हणाला, "ठीक आहे ताई, रविवारी मी टेलला." स्वरात उपकार होता. असू दे. क्लब उपकारावरच चालतो.

निघताना खजिनदार काकांनी पुन्हा तेच काढलं: हिशेब आता कुणीतरी घ्या माझ्याकडून. मी त्यांना जॉन म्यूरची गोष्ट सांगितली. सिएरा क्लब हा अमेरिकेतला डोंगर-जंगलप्रेमींचा क्लब १८९२ मध्ये निघाला तेव्हा म्यूर पहिला अध्यक्ष झाला आणि १९१४ मध्ये वारला तोपर्यंत अध्यक्षच राहिला. काका म्हणाले, "म्हणजे मेल्याशिवाय सुटका नाही म्हण की." सगळे हसले. हिशेबाची वही मात्र काकांच्याच पिशवीतून घरी गेली.

मंगळवार

फॉर्म तपासले. आजार, औषधं, ॲलर्जी हे रकाने बहुतेकांनी "नाही" लिहून संपवलेत. एवढ्या माणसांत एकालाही रक्तदाब नाही, दमा नाही, गुडघा दुखत नाही? लोक खोटं बोलतात असं नाही. त्यांना वाटतं, लिहिलं तर घेणार नाहीत. म्हणून मी आता प्रश्नच बदललाय. "आजार आहे का?" ऐवजी "रोज कोणतं औषध घेता, आणि ते सॅकच्या कुठल्या कप्प्यात ठेवणार आहात?" असं विचारते. याला "नाही" असं उत्तर पटकन देता येत नाही. एका गृहस्थांनी लगेच फोन करून सांगितलं की त्यांना मधुमेह आहे आणि इन्सुलिन चालू आहे. अर्थात या! फक्त साखरेचं काहीतरी तुमच्या खिशात असू दे, आणि तसंच टेलवाल्याच्याही.

फोन ठेवताना ते म्हणाले, "बाकीच्यांना सांगू नका." पुढच्या आणि मागच्या माणसाला सांगावंच लागेल, हे मी तिथल्या तिथे स्पष्ट केलं. क्षणभर गप्प राहिले, मग हो म्हणाले.

बुधवार

वेळेवरून वादावादी. दमाचा पोरगा रेकीला, म्हणजे वाट आधी बघून ठेवायला, एकटाच जाऊन आला होता. १२ किलोमीटर, ९०० मीटर चढ, साडेतीन तासांत परत. त्यानं तोच ट्रॅक ग्रुपवर टाकला आणि खाली "साधारण चार तास" असं लिहिलं.

नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये एक सोपा ठोकताळा दिला होता, तो अजून कामाला येतो. सपाटीवर ५ किलोमीटरला एक तास, वर चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. म्हणजे या वाटेचे अंतराचे २ तास २४ मिनिटं आणि चढाचा दीड तास, मिळून चार तासांना थोडे कमी. पोरगा खूश: "बघा ताई, मी बरोबर होतो." पण हा हिशेब धडधाकट माणसाचा, आणि तोही न थांबता चालणाऱ्याचा. त्यात लघवीला थांबणं नाही, बुटातला खडा नाही, पाण्याची बाटली सॅकच्या तळाशी असणं नाही. शिवाय खडी, सुटी उतरण असेल तर उतारालाही चढाएवढाच वेळ जातो. माणसं वाढली की प्रत्येक अवघड पायरीशी रांग लागते. एकेकाचं एक मिनिट धरलं तरी वीस जणांना वीस मिनिटं.

मी सहा तास लिहिले. तो म्हणाला, सहा वाचून लोक घाबरतील. चार वाचून येणाऱ्यांना पाचव्या तासाला जे वाटेल त्याची मला जास्त भीती आहे.

शुक्रवार

हवामानाचा अंदाज बिघडला. रविवारी दुपारनंतर गडगडाटासह पाऊस. आमची वाट शेवटचा तासभर उघड्या धारेवरून जाते, तिथे झाड नाही की आडोसा नाही. वीज दिसली आणि गडगडाट ३० सेकंदांच्या आत ऐकू आला, तर ती साधारण १० किलोमीटरच्या आतच असते. तेव्हा धारेवर असून उपयोग नाही, आधीच खाली यायला हवं. आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हा वर जायचं नाही. दोन-तीन जण असतील तर पळत उतरतील. वीस जणांना धारेवरून खाली आणायलाच अर्धा तास लागेल.

फोनाफोनी केली आणि ठरवलं: माथा नाही. खालच्या जंगलातून जाणारी वाट घ्यायची आणि दुपारच्या आत खाली यायचं.

मेसेज टाकल्यावर जे व्हायचं तेच झालं. "अंदाज नेहमीच चुकतात." "मागच्या वर्षी याच वाटेनं गेलो होतो, काही झालं नाही." "किती दिवस वाट बघत होतो या ट्रेकची." इयान मॅकॅमन नावाच्या अभ्यासकानं हिमस्खलनाच्या अपघातांत माणसांचे निर्णय कसे फसतात ते पाहिलं, त्यात हीच कारणं निघाली. ओळखीची वाट, एकदा ठरवलेलं न मोडण्याचा हट्ट, संधी पुन्हा मिळणार नाही ही भावना, बाकीचे निघालेत म्हणून आपणही, आणि बरोबर कुणी जाणकार आहे म्हणजे तो बघून घेईल हा भरवसा. आमच्या ग्रुपवर अर्ध्या तासात यातलं जवळपास सगळं येऊन गेलं. तिकडे बर्फ होता, इकडे पाऊस आहे. माणसं तीच.

माथा गळल्यावर पाच-सहा जणांनी नाव काढून घेतलं, आणि सगळे तगडे. उरले ते हळू चालणारे, नवे, आणि "जंगल तर जंगल, चालेल" म्हणणारे. म्हणजे रविवारी पुढे चालणाऱ्यापेक्षा टेलवाल्याची जास्त परीक्षा. पोरानं नाव काढलं नाही, हे मात्र मी मनात नोंदवून ठेवलं.

रविवार, संध्याकाळी

पाय दुखताहेत, तरी आजच लिहिते. उद्या यातलं निम्मं पुसलं जाईल.

सुरुवातीला डोकी मोजली, शिट्ट्या वाटल्या, संकेत सांगितला: अडचणीत असाल तर मिनिटात ६ शिट्ट्या, मग मिनिटभर शांत, मग पुन्हा ६. ऐकणाऱ्यानं मिनिटात ३ वाजवून उत्तर द्यायचं. एका लहान मुलानं लगेच वाजवून पाहिल्या. वाजवू दे, तेवढंच लक्षात राहील.

निघाल्यावर वीसेक मिनिटांत पहिला थांबा घेतला. नवी माणसं विचारतात, इतक्यात कशाला? कारण बुटाच्या लेस, अंगावरचा जादा कपडा आणि टाचेवरची पहिली चुणचुण, तिन्ही याच वेळी कळतात. चुणचुणीवर पट्टी लावली तर निभावतं. फोड आल्यावर लावली तर दिवसभर लंगडायचं.

त्यानंतर मी मुद्दाम मागे रेंगाळले. पोरगा टेलला होता आणि वैतागलेला दिसत होता. त्याच्या पुढे एक काकू, खूप वर्षांनी बाहेर पडलेल्या. जरा वेळानं त्यांच्या डाव्या बुटाचा तळ पुढून सुटला आणि प्रत्येक पावलाला फटफट वाजायला लागला. काकू म्हणाल्या, "अहो, हे बूट नवेच आहेत! कपाटात होते नुसते." तेच तर कारण. बुटाच्या तळातला पॉलियुरेथेनचा थर हवेतल्या ओलाव्यानं आतून कुजतो. वापरा वा न वापरा, काही वर्षांत भुगा होतो. उलट पडून राहिलेले बूट जास्त दगा देतात, कारण त्यांच्याकडे कुणी बघितलेलंच नसतं.

पोरगा खाली बसला. मी माझ्या बाटलीला गुंडाळून ठेवलेली रुंद चिकटपट्टी काढून दिली. त्यानं आधी चिखल पुसला, मग पट्टी चवड्याभोवती तीन वेढे घेतली, कमानीखालून फिरवून घोट्याकडे नेली आणि वर जादा लेस आवळून बांधली. उजव्या बुटाला काही झालं नव्हतं, तरी त्यालाही तेच केलं. "एक गेला म्हणजे दुसरा जाणारच," तो म्हणाला. हे मी त्याला शिकवलेलं नव्हतं. काकू ओशाळून सारखं "तुम्ही पुढे व्हा" म्हणत होत्या. तो म्हणाला, "काकू, मी पुढे गेलो तर मी शेवटचा कसा राहीन?"

पुढच्या थांब्याला पोचलो तेव्हा पुढची मंडळी बसून गप्पा मारत होती. आम्ही दिसताच उठली, सॅक चढवल्या आणि निघाली. हे मी कित्येकदा पाहिलंय. पुढच्यांना चांगली विश्रांती मिळते, मागचा पोचतो तेव्हा थांबा संपतो. म्हणजे जो सगळ्यात दमलाय त्यालाच बसायला मिळत नाही, आणि दिवसभर तो आणखी मागे पडत जातो. लोक म्हणतात, अमुक जण फार हळू आहे. पोरानं हे बहुधा पहिल्यांदाच मागून पाहिलं. वॉकीटॉकी उचलून पुढच्या लीडरला म्हणाला, "उठू नका. दहा मिनिटं आम्ही पोचल्यापासून मोजायची." पलीकडून थोडा वेळ खरखर, मग जरा तुटक "ओके". पुढच्याला ते आवडलं नसावं. तोही बिनपगारीच आहे.

इन्सुलिनवाले गृहस्थ उतरताना एकदम बोलायचे थांबले. सकाळपासून बडबडणारा माणूस गप्प झाला की बघावं लागतं. पाय अडखळायला लागले, साध्या प्रश्नाला उशिरा उत्तर आलं, कपाळावर घाम. पोरानं काही न विचारता खिशातली ग्लुकोजची पुडी काढून हातात ठेवली. थोड्या वेळानं मीटरवर आकडा बरा आला, मग थोडं खायला लावलं, मगच पुढे निघाले. बाकी कुणाच्या फारसं लक्षातही आलं नाही, आणि त्यांना हवं होतं तेही हेच.

दुपारच्या आत सगळे खाली. डोकी मोजली, बरोबर भरली.

आणि पाऊस? पडलाच नाही. दिवसभर लख्ख ऊन. घरी पोचेपर्यंत नाव काढून घेतलेल्यांपैकी एकानं ग्रुपवर निळ्या आकाशाचा फोटो टाकला, वर हसरा चेहरा. काय म्हणणार! वीज कडाडली असती तर आम्ही शहाणे ठरलो असतो. नाही कडाडली, म्हणून भित्रे ठरलो. निर्णय शुक्रवारी जे कळत होतं त्यावर घेतला होता आणि पुन्हा तसाच अंदाज आला तर तोच घेईन. पण सावधपणाचा पुरावा कधीच मिळत नाही, आणि त्यामुळे स्वयंसेवकाला तो दर वेळी नव्यानं पटवून द्यावा लागतो, ही या कामातली सगळ्यात कंटाळवाणी गोष्ट आहे. फोटोला मी उत्तर दिलं नाही. काकांनी अंगठा दिला. काका सगळ्यालाच अंगठा देतात.

सोमवार

पोराचा मेसेज आला. मला वाटलं होतं काहीतरी भावुक असेल. तसं काही नव्हतं. लिहिलंय की टेलला एकटा माणूस ठेवू नका, दोघं हवेत, म्हणजे एक जण अडकला तर दुसरा बाकीच्यांबरोबर राहील. वॉकीटॉकीची बॅटरी बदला. आणि पुढच्या वेळी मला पुढे चालायचंय. तिन्ही मागण्या रास्त. दोन टेलवाले आणायचे कुठून, एवढाच प्रश्न. एकासाठी पूर्ण बैठक गेली होती.

ठराव अजून लटकलेलाच आहे. पुढच्या बैठकीत पुन्हा मांडेन, या वेळी त्यालाच बोलायला लावीन. तो विरोधातही बोलेल कदाचित, सांगता येत नाही.

काकूंचा फोन आला, त्यांना नवे बूट घ्यायचेत, कुठले घेऊ विचारत होत्या. म्हणजे परत येणार तर! फॉर्ममध्ये एक ओळ वाढवली: बूट कधी घेतले, आणि शेवटचे कधी घातले? काका म्हणतात, फॉर्म आधीच लांब आहे, कुणी वाचत नाही. खरंय. तरी ओळ ठेवलीय.